फ्रान्सिस बुकॅनन आणि वीट-दगड

१

फ्रान्सिस बुकॅनन (१७६२–१८२९) हा शिक्षणाने वैद्य, आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या आज्ञेने देशपाहणी करणारा अधिकारी होता. टिपू सुलतानाच्या पाडावानंतरचे म्हैसूर कसे होते हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्याला त्याच्या प्रवासवृत्ताशिवाय गत्यंतर नाही. बिहार व उत्तर बंगाल यांच्या स्थानिक इतिहासाचे अभ्यासक त्याच्या पाहणीच्या कागदांवर आजही विसंबतात. गंगेतील माशांच्या वर्गीकरणात त्याचे नाव पदोपदी येते. भूशास्त्रात मात्र तो मुख्यतः एका शब्दामुळे उरला आहे. तो शब्द लॅटेराइट होय. कोकणात आणि गोव्यात ज्याला जांभा म्हणतात त्या दगडाचे हे शास्त्रीय नाव बुकॅननने १८०७ साली छापून प्रसिद्ध केले. हा दगड म्हणजे एके काळची माती आहे आणि लोप पावलेल्या हवामानाची खूण तिच्या रसायनात टिकून आहे, हे पुढील पिढ्यांनी दाखविले. त्यामुळे प्राचीन हवामानाच्या शास्त्राला भारतातून मिळालेल्या संज्ञांमध्ये हिचे स्थान अगदी वरचे मानावे लागते. ही संज्ञा घडली कशी, ती कोणाच्या बोलण्यातून आली आणि तिच्या कर्त्याला स्वतःच्या कामाचे श्रेय कितपत मिळाले, हे प्रश्न बुकॅननच्या चरित्रात एकमेकांत गुंतलेले आहेत.

२

बुकॅननचा जन्म १७६२ साली स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरा विद्यापीठात त्याने वैद्यकाचे अध्ययन केले आणि १७८३ मध्ये पदवी मिळविली. त्या काळी औषधी वनस्पतींचे ज्ञान हा वैद्यकाचाच भाग असल्यामुळे जॉन होप यांच्यासारख्या अध्यापकांकडून लिनियसच्या वर्गीकरणपद्धतीचे संस्कार त्याच्यावर झाले. पुढे लंडनची लिनियन सोसायटी स्थापन करणारा जेम्स एडवर्ड स्मिथ हा त्याचा सहाध्यायी होता. धाकट्या मुलांच्या वाट्याला घरची मालमत्ता सहसा येत नसल्याने बुकॅननने जहाजावरील वैद्याची नोकरी पत्करली आणि आशियाच्या काही सफरी केल्या. १७९४ मध्ये तो कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत दाखल झाला.

लगेच १७९५ मध्ये मायकेल साइम्स याच्या शिष्टमंडळाबरोबर त्याला आवा येथे, म्हणजे ब्रह्मदेशाच्या दरबारी, जावे लागले. त्या प्रवासातून निर्माण झालेले त्याचे दोन निबंध साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावेत असे आहेत. ब्रह्मी राज्यात बोलल्या जाणाऱ्या भाषांचा तुलनात्मक शब्दसंग्रह हा पहिला. ब्रह्मी लोकांचा धर्म आणि वाङ्मय यांवरील निबंध हा दुसरा. तो बव्हंशी सांजर्मानो या इटालियन धर्मोपदेशकाच्या लॅटिन टिपणांवर आधारलेला होता. दोन्ही निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. शब्दसंग्रहाच्या निबंधात त्याची एक सवय प्रथम दिसते. एकाच वस्तूसाठी शेजारच्या लोकांत कोणकोणते शब्द आहेत हे तो शेजारी शेजारी मांडतो. १७९८ मध्ये मसाल्याच्या लागवडीस योग्य जमीन शोधण्यासाठी तो चितगावच्या मुलखात हिंडला, तेव्हाही झाडांबरोबर माणसांची आणि बोलींची नोंद त्याने चालूच ठेवली.

३

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. म्हैसूरच्या गादीवर वडियार घराण्यातील बालराजा कृष्णराज तिसरा याला बसविण्यात आले, कारभार दिवाण पूर्णय्या यांच्या हाती गेला आणि राजधानी श्रीरंगपट्टणाहून पुन्हा म्हैसूरला आली. जिंकलेल्या मुलखात काय पिकते, काय विकते आणि तेथे कोण राहते हे गव्हर्नर जनरल वेलस्ली याला हवे होते. या कामासाठी बुकॅननची निवड झाली. शेती, गुरे, कापूस, मिरी, चंदन, खाणी, कारागिरी, लोकांची स्थिती आणि देशाचे हवामान व ऋतू अशी चौकशीची कलमे त्याला नेमून दिलेली होती. एका राज्यसत्तेला आपली नवी मालमत्ता समजून घ्यायची होती, हे या प्रवासाचे मूळ कारण कधीही दृष्टीआड करता येत नाही.

२३ एप्रिल १८०० रोजी तो मद्रासहून निघाला. बंगळूर, श्रीरंगपट्टण, म्हैसूर, पुन्हा पठाराचा पूर्व व उत्तर भाग, तेथून कोइमतूर, पालघाटच्या खिंडीतून मलबार, किनाऱ्याने उत्तरेस कारवार व सदाशिवगडापर्यंतचा कानडा प्रांत, मग सह्याद्री चढून सोंदे, बनवासी, बिदनूर आणि परत म्हैसूरचे पठार, असा हा फेरा होता. तो १८०१ च्या जुलैत मद्रासला संपला. वाटेतील प्रत्येक मुक्कामी गावचे गौडा, शानुभोग, कुळे, विणकर, लोहार यांना बोलावून तो दुभाष्यांमार्फत प्रश्न विचारीत असे, आणि उत्तरे जुळली नाहीत तर तसेच लिहून ठेवी. म्हैसूरच्या जुन्या नगराची टिपूने केलेली मोडतोड आणि नव्या राजवटीत चाललेले किल्ल्याचे व राजवाड्याचे बांधकाम त्याने पाहिले. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने १७९१–९२ च्या मोहिमेत केलेल्या नासधुशीच्या आणि त्यामागून आलेल्या उपासमारीच्या कहाण्याही त्याला गावोगाव ऐकाव्या लागल्या. मराठी वाचकाने हे भाग टाळून पुढे जाऊ नये.

या प्रवासवृत्ताचे खरे बळ शेतीच्या वर्णनात आहे. म्हैसूरचा शेतकरी आपल्या जमिनी कशा ओळखतो हे बुकॅननने त्याच्याच शब्दांत टिपले. एरे म्हणजे काळी, केब्बे म्हणजे तांबडी, मरळु म्हणजे रेताड. भाताच्या लागवडीचे कोरडे बी पेरणे, मोड आणून पेरणे आणि रोपे लावणे हे तीन प्रकार, त्यांची कानडी नावे, प्रत्येकाचा हंगाम आणि उत्पन्न यांची तो बारकाईने तुलना करतो. कोणती माती किती पावसावर काय देते, हा हिशेब शेतकऱ्याच्या तोंडून उतरवून घेणे म्हणजे एका परीने चालू हवामानाचे मातीवरून केलेले वाचनच होते. शेतातील व ओढ्याकाठच्या चुनखडीच्या गाठी, ज्यांना कंकर म्हणतात, त्याही त्याने पाहिल्या. त्या भाजून चुना केला जाई म्हणून त्याला त्यांचे महत्त्व वाटले.

त्याच्या मर्यादाही याच पानांत उघड आहेत. मंदिरांतील परंपरा आणि पुराणातील कालगणना यांच्याविषयी तो बहुधा अनादराने लिहितो. विद्वान ब्राह्मणाच्या सांगण्यावर तो जितका अविश्वास दाखवितो तितका कारागिराच्या सांगण्यावर दाखवीत नाही. या वृत्तीने इतिहासाच्या बाबतीत त्याचे नुकसान झाले. दगडाच्या बाबतीत मात्र तीच वृत्ती उपयोगी पडली.

४

१८०० च्या डिसेंबरात बुकॅनन मलबारातील अंगाडिपुरम येथे पोचला. हे गाव आज केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आहे. तेथे आणि आसपास घरांच्या भिंतींसाठी जो दगड खणला जात होता तो त्याच्या माहितीतील कोणत्याही प्रकारात बसेना. त्याने केलेले वर्णन शास्त्रीय वाङ्मयात वारंवार आधाराला घेतले गेले. या दगडात थर दिसत नाहीत. तो छिद्रांनी व पोकळ्यांनी भरलेला असून त्यात तांबड्या-पिवळ्या गेरूच्या रूपाने पुष्कळ लोह असते. खालच्या ग्रॅनाइटवर त्याचे मोठे आवरण पसरलेले आहे. हवा लागली नाही तोवर तो इतका मऊ असतो की कोणतेही लोखंडी हत्यार त्यात सहज चालते. म्हणून कुदळीने चौकोनी ठोकळे काढून लगेच थापीने किंवा मोठ्या सुरीने त्यांना आकार देतात. थोड्याच दिवसांत ते विटेसारखे कठीण होतात आणि ऊनपावसाला विटेहूनही अधिक टिकतात.

रत्नागिरीच्या किंवा सावंतवाडीच्या चिरेखाणीवर उभे राहिलेल्या कोणालाही यात नवे काही वाटणार नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझूचे मंदिर याच दगडाचे आहे. बुकॅननच्या वर्णनाचे वैशिष्ट्य असे की, ते जवळजवळ पूर्णपणे खाणकाऱ्याच्या कृतीचे वर्णन आहे. दगड म्हणजे काय हे त्याने दगडावर चाललेल्या कामावरून सांगितले.

नावाचेही तसेच झाले. त्याने दोन देशी नावे नोंदविली. अनेक बोलींत या दगडाला इटिका कल्लु म्हणतात, म्हणजे विटेचा दगड. जेथे वरची माती धुऊन जाऊन तो उघडा पडतो तेथे तो काळवंडतो, खडबडीत होतो आणि त्वचारोग झालेल्या अंगासारखा दिसतो. म्हणून तमिळमध्ये त्याला सोरि कल्, म्हणजे खरजेचा दगड, असे म्हणतात. पहिले नाव कामावरून आले आहे, दुसरे रूपावरून. बुकॅननने पहिले स्वीकारले आणि त्याचा लॅटिनमध्ये अनुवाद केला. लॅटिनमध्ये विटेला लेटर म्हणतात, त्यावरून लॅटेराइट.

इटिका कल्लु या जोडशब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. त्याचे पहिले पद संस्कृत इष्टका-इष्टिका या कुळातले. कानडीत त्याचे इट्टिगे झाले, प्राकृतातून मराठीत वीट झाली आणि तीच पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायाखाली आहे. दुसरे पद कल्लु, शुद्ध द्राविड. खाणीवरच्या माणसांनी दोन भाषाकुळांतील पदे एकत्र करून शब्द केला होता. बुकॅननने त्याला तिसऱ्या भाषेचा पोशाख चढविला. आज मलयाळममध्ये याच दगडाला वेट्टुकल्लु, म्हणजे कापण्याचा दगड, असेही म्हणतात, आणि मराठीत त्याच्या कापलेल्या ठोकळ्याला चिरा म्हणतात. भाषा बदलल्या तरी कामावरून नाव देण्याची रीत बदललेली नाही.

५

म्हैसूर, कानडा व मलबार यांच्या प्रवासाचे वृत्त १८०७ मध्ये लंडनला तीन खंडांत प्रसिद्ध झाले. रोजनिशीचे मूळ रूप त्यात तसेच राहिले आहे. तोपर्यंत बुकॅनन नेपाळला जाऊन आला होता, वेलस्लीचा वैद्य म्हणून कलकत्त्यास राहिला होता आणि बराकपूर येथील प्राणिसंग्रहाची व्यवस्था त्याने पाहिली होती. त्याच १८०७ साली बंगालच्या पाहणीचे काम त्याच्याकडे आले. १८१४ पर्यंत दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा-गया, शहाबाद, गोरखपूर असे जिल्ह्यामागून जिल्हे त्याने पालथे घातले.

या काळात जमविलेल्या सामग्रीतून १८२२ मध्ये एडिंबरा येथे गंगेतील माशांवरील ग्रंथ निघाला. त्यात अडीचशेहून अधिक जाती आहेत. येथे त्याने नाव देण्याची रीत बदललेली दिसते. रोहिता, कातला, मृगाला, इलिशा ही कोळ्यांच्या तोंडची नावे त्याने लॅटिन पद्धतीच्या द्विपदी नावांत जशीच्या तशी बसविली. बंगाली स्वयंपाकघरातील रोहू आणि हिलसा आज जगभरच्या प्राणिशास्त्रात त्याच नावांनी ओळखले जातात. माशांची देशी नावे राहिली. दगडाचे देशी नाव भाषांतरात लोपले. एकाच माणसाच्या हातून झालेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे अनुवाद काय सांभाळतो आणि काय गमावतो हे स्पष्ट होते. लॅटेराइट या शब्दात विटेचा अर्थ सुरक्षित राहिला, पण तो कोणाच्या तोंडून आला याची खूण राहिली नाही.

अनामिकतेचा हा अनुभव पुढे बुकॅननच्याही वाट्याला आला. १८१४ मध्ये तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने भारत सोडला. निघताना वर्षानुवर्षे काढवून घेतलेली चित्रे त्याला बरोबर नेता आली नाहीत. गव्हर्नर जनरल लॉर्ड मोइरा यांच्या आज्ञेने ती सरकारजमा झाली. मातृकुळाची मालमत्ता मिळाल्यावर त्याने हॅमिल्टन हे आडनाव स्वीकारले, आणि त्यामुळे ग्रंथसूचींत तो दोन नावांत विभागला गेला. १८१९ मध्ये नेपाळवरील ग्रंथ आणि १८२२ मध्ये माशांवरील ग्रंथ सोडता त्याच्या हयातीत फारसे काही छापले गेले नाही. १५ जून १८२९ रोजी त्याचा मृत्यू झाला. १८३८ मध्ये माँटगोमेरी मार्टिन याने बंगालच्या पाहणीचे कागद कापूनछाटून तीन खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा मुखपृष्ठावर मूळ लेखकाचे नाव घातले गेले नाही. खाणकाऱ्यांच्या शब्दाला आपल्या नावाने शास्त्रात नेणाऱ्या माणसाचे सात वर्षांचे काम दुसऱ्याच्या नावाने जगापुढे आले.

६

बुकॅननला या दगडाचा उपयोग कळला होता. त्याची उत्पत्ती आणि वय त्याने सांगितले नाही. ती जाणण्याची साधने त्याच्या काळी नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात हा दगड ज्वालामुखीचा, गाळाचा की जागच्या जागी कुजलेल्या खडकाचा यावर दीर्घ वाद झाला. १८९८ मध्ये माक्स बाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने सेशेल्स बेटांवरील नमुन्यांच्या रासायनिक पृथक्करणातून त्यात ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडे असल्याचे दाखविले. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात पाणी खडकातून झिरपत राहिले की चुना, मॅग्नेशिया, सोडा, पोटॅश आणि सिलिकाही हळूहळू वाहून जाते. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. पावसाळा व उन्हाळा यांच्या आवर्तनात भूजलाची पातळी वर-खाली होत राहते आणि लोह जागोजाग साकळते. अशी माती उघडी पडून सुकली की लोहाची संयुगे घट्ट होतात. बुकॅननने पाहिलेल्या ठोकळ्यांच्या कठीण होण्याचे कारण हेच.

व्याख्येचा वाद मात्र मिटला नाही. १९२७ मध्ये मार्टिन आणि डॉइन यांनी सिलिका व ॲल्युमिना यांचे प्रमाण १.३३ हून कमी असेल तरच मातीला लॅटेराइट म्हणावे असे सुचविले. उलट पक्षाचे म्हणणे असे की, बुकॅननच्या अर्थाने, म्हणजे उघडे पडल्यावर कठीण होण्याच्या गुणावरूनच, ही संज्ञा वापरावी. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास या मऊ पण पुढे कठीण होणाऱ्या द्रव्यासाठी प्लिंथाइट ही नवी संज्ञा घडविली. ग्रीकमध्ये प्लिंथॉस म्हणजे वीट. मलबारच्या खाणीवरचा अर्थ अशा रीतीने लॅटिननंतर ग्रीकमध्येही उतरला.

एवढ्या काळात या दगडाकडे पाहण्याची दृष्टीही पालटली. जी माती आजच्या हवामानात तयार होऊ शकत नाही ती जेथे आढळते, तेथे तिला पुरामृदा मानून मागील हवामानाचा पुरावा म्हणून वाचता येते. सह्याद्रीच्या घाटांत बेसाल्टच्या दोन थरांमध्ये दिसणारे तांबडे पट्टे अशाच जुन्या पृष्ठभागांचे अवशेष होत. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या माथ्यांवरील जांभा कोकणच्या सड्यांवरील जांभ्याहून पुष्कळ जुना आहे, हे खडकांतील चुंबकत्वाच्या अभ्यासाने दिसून आले. म्हणून सगळ्या जांभ्याला एका काळाचा मानता येत नाही.

म्हैसूरच्या पठारापुरते बोलायचे तर सर्वांत बोलका पुरावा बळ्ळारी जिल्ह्यातील सोंडूरचा आहे. घोरपड्यांच्या जुन्या संस्थानातील या डोंगरांत लोह व मँगनीज यांच्या खाणी आहेत. तीव्र विदारणात तयार होणाऱ्या मँगनीजच्या काही खनिजांत पोटॅशियम असते आणि त्याच्या किरणोत्सर्गातून साठणाऱ्या आर्गॉनवरून त्यांचे वय काढता येते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सोंडूरच्या या खनिजांचे वय सुमारे ३.६ कोटी ते २.६ कोटी वर्षे आहे. म्हणजे भारताचे द्वीपकल्प विषुववृत्तीय पट्ट्यातून उत्तरेकडे सरकत होते त्या काळात या पठारावर दीर्घकाळ भरपूर पाऊस पडत असला पाहिजे. आज सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या म्हैसूर शहरावर वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मातीतील चुनखडीच्या गाठी या नंतरच्या कोरड्या काळाची साक्ष देतात. पाऊस अपुरा असेल तरच चुना धुऊन न जाता मातीत साठतो. त्या गाठींतील कार्बनच्या समस्थानिकांवरून त्या काळी तेथे झाडी अधिक होती की गवत, याचा अंदाज बांधता येतो. बुकॅननने भट्टीचा कच्चा माल म्हणून नोंदविलेला कंकर असा हवामानाचा दप्तरखाना ठरला.

७

म्हैसूर संस्थानाने १८९४ मध्ये स्वतःचे भूशास्त्र खाते काढले. त्याचे पहिले प्रमुख रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८६३ मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरम येथे लॅटेराइटच्या भरडीत दगडी हत्यार शोधले होते. बुकॅननच्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत अशा रीतीने माणसाचा प्राचीन इतिहासही सामील झाला. १९७९ मध्ये लॅटेराइटविषयक आंतरराष्ट्रीय परिसंवादाच्या निमित्ताने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने अंगाडिपुरम येथे एक स्मारक उभारले आणि बुकॅननचे नाव तेथे कोरले गेले.

त्याच्या आयुष्याचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावी लागतात. तो राज्यकर्त्यांचा हेर होता असे म्हणून त्याच्या नोंदी बाजूला सारता येत नाहीत. कारण म्हैसूरच्या शेतकऱ्याची जमिनीविषयीची जाण आणि मलबारच्या खाणकाऱ्याचे कौशल्य त्या काळच्या अन्य लेखनात इतक्या तपशिलाने क्वचितच सापडते. उलट, त्याला लॅटेराइटचा शोधक म्हणून गौरविणेही नेमके नाही. दगड माहीत असलेले, त्याचा गुण ओळखणारे आणि त्याला नाव देणारे लोक तेथे आधीच होते. बुकॅननने त्यांचे म्हणणे काळजीपूर्वक ऐकले, दोन नावांतून एक निवडले आणि ते परभाषेत नेले. पुढील शास्त्रज्ञांनी उत्पत्ती, रसायन आणि काळ यांची भर घातली, तरी संज्ञेच्या मुळाशी ते ऐकलेले नावच राहिले. भारतीय भाषांतील शब्दांचा इतिहास लिहिताना इटिका कल्लु या शब्दाची नोंद त्यामुळे दोन ठिकाणी करावी लागेल: बोलींच्या कोशात, आणि पृथ्वीच्या हवामानाच्या इतिहासात.